डब्यावरच्या मराठी ओळी

मी आयुष्यभर फुगे सोडायची नोकरी केली, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग मी चेष्टा करतोय असं समजून विषय बदलतात. काचीगुड्यात आमच्या शेजारी राहणारे वकील तर मी जत्रेत गॅसचे फुगे विकत होतो असंच बरीच वर्षं समजत होते. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत व्याह्यांनी "आपण नेमकं काय करत होतात?" असं विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत बायकोनं "सरकारी नोकरीत होते" असं सांगून टाकलं. ते खोटं नव्हतं. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर आधी धंदा काय होता ते सांगतो. सूर्याच्याही पलीकडून कुठून तरी अतिशय बारीक कण पृथ्वीवर सतत आदळत असतात. आपल्या डोक्यावरची हवा त्यांना वरच अडवते. ते मूळ रूपात पकडायचे तर हवा जिथे संपत येते तिथवर जायला हवं. आपल्याकडे तेव्हा अग्निबाण नव्हते आणि विमानं तेवढी उंच जात नसत. म्हणून प्लास्टिकच्या पातळ कागदाचा एक प्रचंड फुगा करायचा, जमिनीवर पसरला तर रेल्वेच्या फलाटाएवढा लांब. त्यात हायड्रोजन भरायचा आणि खाली एक डबा लटकवायचा. डब्यात फोटोच्या काचेवर असतो तसल्या रसायनाच्या जाड थरांची चवड, काळ्या कागदात गुंडाळलेली. कण त्यातून आरपार गेला की आत एक रेघ उमटते. त्या रेघा पुढे वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. डब्यावर एक गजराचं घड्याळ असे, आबिड्सच्या दुकानातून आणलेलं. ठरल्या वेळी गजराच्या जागी जोडलेली तार तापे, दोरी तुटे आणि डबा छत्रीला लटकून खाली येई.

खाली कुठे, ते मात्र वारा ठरवत असे. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुगा आधी पूर्वेला सरके आणि पुरेसा वर गेला की उलट वारा मिळून पश्चिमेला येई. तो डबा शोधून, न उघडता, उन्हात न ठेवता परत आणणं हे माझं काम. उजेड लागला की आतलं सगळं काळं.

आमचे प्रमुख रावसाहेब, आंध्रातले, हसणं माहीत नसलेले पण माणूस सोन्यासारखा. जीपवर हमीदभाई. फुग्याला हात लावण्याआधी सगळ्यांनी घड्याळं, अंगठ्या, पेनं काढून एका टोपलीत टाकायची, असा आमच्याकडे रिवाज होता, कारण नखाएवढं भोक पडलं तरी सगळी मेहनत वाया. हमीदभाईंच्या बोटातली चांदीची अंगठी काही केल्या निघत नसे. त्यामुळे त्यांनी जन्मात फुग्याला हात लावला नाही. "सब छूते, हमीच नक्को," म्हणत ते लांब उभे राहत.

आकाश कोणाच्या मालकीचं असतं हा प्रश्न मला पहिल्यांदा बेगमपेटच्या विमानतळावर पडला. प्रत्येक फुग्याआधी तिथली परवानगी लागे. तिथले एक अधिकारी मोठे गमतीचे. ते म्हणत, "तुमचा फुगा जिथे जाऊन राहणार तिथे माझी सत्ता नाही. तिथे कोणाचीच नाही. पण तिथे जाताना तो माझ्या अंगणातून जातो, म्हणून सही करा." त्यांची गंमत खरी होती, कारण त्याच सुमारास एका बड्या देशानं शास्त्राच्या नावाखाली दुसऱ्या बड्या देशावर कॅमेरे बांधून फुगे सोडल्याच्या बातम्या आल्या होत्या. फुगा दिसला की हेर, असं तेव्हा जगभरच्या पोलिसांच्या डोक्यात बसलं होतं.

म्हणून डब्यावरचा मजकूर महत्त्वाचा. ‘हे शास्त्रीय यंत्र आहे. धोका नाही. उघडू नये, सावलीत ठेवावे. जवळच्या तहसील कचेरीत कळवावे. बक्षीस मिळेल.’ एवढंच, पण पाच लिप्यांत. जुन्या हैदराबाद राज्यात डबा कुठल्या भाषेच्या शेतात पडेल याचा नेम नव्हता. इंग्रजी आणि तेलुगू रावसाहेब लिहीत. कन्नडसाठी अफझलगंजच्या ग्रंथालयातल्या एका कारकुनाला चहा पाजावा लागे. उर्दू आणि मराठी माझी. लाल रंग आणि बारीक ब्रश मी खिशातच बाळगत असे.

उर्दू मी शाळेत शिकलो. मराठी मला अक्कानं शिकवली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कमळाबाई. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत. वडिलांनी अक्काला घरीच मराठी शिकवली आणि तिनं मला, आधी परातीतल्या ज्वारीच्या पिठात बोटानं, मग पाटीवर. तिचा ‘ळ’ पाहण्यासारखा होता, दोन्ही पोटं अगदी सारखी गोल. माझा कधी डावीकडे फुगायचा, कधी उजवीकडे. ती पुसून पुन्हा काढायला लावी. मी चिडलो की पाटी कोरी ठेवून बसे. ती रागवत नसे. पाटी माझ्यापुढे सरकवून आपल्या कामाला निघून जाई. तासाभरानं पाटी भरलेली असे.

अक्का देगलूरजवळच्या एका खेड्यात दिली होती. पश्चिमेला नेणाऱ्या वाऱ्याच्या दिवसांत दोन-चार डबे तरी तिकडच्या भागात पडत, आणि डबा घेऊन परतताना जीप अक्काच्या दारात उभी राहिली नाही असं कधी झालं नाही. हमीदभाईंना तिच्या हातची अंबाडीची भाजी आवडे. अक्का डब्याभोवती फिरून माझ्या ओळी मोठ्यानं वाची आणि जमलेल्या बायकांना सांगे, "माझ्या भावाचं अक्षर आहे हे. मीच शिकवलेलं. असा डबा कुठं बी पडला तर हात लावायचा न्हाई, मला बोलवायचं." ती असं म्हणाली की मला सरकारनं पदक दिल्यासारखं वाटे. आभाळातून पडलेल्या वस्तूवर आपली भाषा असावी याचं तिला फार कौतुक होतं.

मग राज्य मोडलं. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू मुलूख आंध्राला, कन्नड म्हैसूरला आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्याला. मी मूळचा राज्य सरकारच्या एका खात्यातला, विद्यापीठाकडे उसना दिलेला. त्यामुळे मलाही पसंतीचा फॉर्म आला, औरंगाबादला जाणार की इथेच राहणार? माझ्याबरोबरचे मराठी लोक एकामागून एक गेले. त्या हिवाळ्यात काचीगुडा स्टेशनवर मी इतक्यांना निरोप दिला की फलाटावरचा चहावाला मला रेल्वेचा माणूस समजू लागला. जे गेले त्यांना आपण घरी चाललो असं वाटत होतं. मी राहिलो, त्या शहरात जिथे मी जन्मलो, वाढलो, आणि आता अचानक पाहुणा झालो.

अक्काला हे पटलं नाही. "समदे इकडं येऊलालेत आणि तूच तिकडं का?" असं तिनं विचारलं. फुगे तिकडे आहेत म्हणून, असं म्हणालो तर ती हसली नाही. "फुग्यापायी माणसं सोडलास," एवढंच म्हणाली. तिला काय सांगणार होतो? आभाळात काहीतरी पाठवून ते खाली येईपर्यंत वाट पाहायची, ही चव एकदा लागली की दुसरी नोकरी अळणी वाटते.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी रावसाहेबांची मोठी चवड आली. परदेशातून मागवलेली, दोन वर्षं पत्रं लिहून मिळवलेली. तसली दुसरी मिळणार नव्हती. बाहेरच्या दोन देशांत याच कामाची घाई चालली होती आणि रावसाहेबांना त्यांच्या आधी निकाल हवा होता. सगळं त्या एका डब्यावर होतं.

फुग्याच्या दोन दिवस आधी कचेरीतून नवी छापील लेबलं आली. फक्त तेलुगू आणि इंग्रजी. नव्या राज्याची भाषा आणि साहेबाची भाषा. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. नव्या कारकुनानं नव्या नियमाप्रमाणे छापून आणली, एवढंच. वाऱ्यासाठी राज्य मोडलेलं नाही हे त्याला कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं. पण ती लेबलं पाहून मला जो राग आला तो लेबलांचा नव्हता. तू इथला नाहीस, असं कुणीतरी छापून माझ्या हातात दिलंय, असं मला वाटलं. मी ती चिकटवली आणि गप्प बसलो.

त्या सकाळी वारा पडायची वाट पाहत आम्ही वीस-पंचवीस मिनिटं मैदानावर उभे होतो. डबा माझ्या पुढ्यात. ब्रश खिशात. रंगाची बाटलीही होती. लिहायला पाच मिनिटं पुरली असती.

हमीदभाई लांबूनच म्हणाले, "दत्तू मियाँ, आज तुम्हारी लिखाई किधर गई?"

"नक्को बोले."

"कौन बोले? साहब बोले?"

"हौ," मी म्हणालो.

साहेब काहीही बोलले नव्हते. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढं सोपं खोटं मी दुसरं बोललो नाही. मग वारा पडला, फुगा सुटला, उन्हात चमकला आणि पूर्वेकडे सरकत वर गेला. दुपारी तो पश्चिमेला वळल्याचं दुर्बिणीतून दिसलं.

मी आणि हमीदभाई बोधनमार्गे निघालो. मदनूरला पोचलो तर रस्त्यात नवी चौकी. पूर्वी आम्ही इथून कितीदा गेलो असू, पोलीस हात करून चहाला बोलवत. आता मदनूरपर्यंत एक राज्य, पुढे दुसरं. आमचं पत्र होतं जुन्या जिल्ह्याच्या नावाचं, आणि तो जिल्हा आता आमच्या राज्यात नव्हता. शिपाई भला होता, पण त्यालाही नवा साहेब. निजामाबादला फोन, तिथून दुसरीकडे फोन, असं करत अर्धा दिवस गेला. हमीदभाई बॉनेटवर बसून म्हणाले, "आसमान में हद नहीं, जमीन पे आध्या दिन बिठाए रे."

पुढे गेलो तर रस्त्यातल्या माणसांनीच सांगितलं, डबा अक्काच्याच गावात पडलाय.

चावडीपुढे गर्दी होती. डबा उघडा. चवड बाहेर काढून, काळा कागद फाडून, भर उन्हात एका चटईवर मांडलेली. बाजूला गजराचं घड्याळ पाण्याच्या बादलीत.

फौजदार देशावरचे, नुकते बदलून आलेले, वयानं माझ्याएवढेच. घाबरले होते हे दिसत होतं, पण माणूस उद्धट नव्हता. म्हणाले, "आता तुम्हीच सांगा मी काय समजायचं? एक लिपी वाचता येत नाही, दुसरी इंग्रजी, त्यात मालकाचं नाव नाही, नुसतं ‘धोका नाही’, ते तर हेरही लिहील, आणि वर घड्याळ टिकटिकतंय. अठ्ठेचाळीस साली भारताच्या फौजा आल्या तेव्हा इथल्या लोकांनी आभाळातून काय काय आलेलं ऐकलंय, ते विसरलेले नाहीत. तरी मी घाई केली नाही हो. गाववाले म्हणाले, एका बाईंचा भाऊ असले डबे सोडतो, त्यांना विचारा. म्हणून त्यांना बोलावून घेतलं."

अक्का गर्दीत मागे उभी होती. पुढे आली.

"मी हात लावू दिला न्हवता रे कुणाला," ती म्हणाली. "आडवी उभी राहिले. चारी बाजूंनी फिरून पाहिलं, दोनदा. आपलं एक अक्षर न्हवतं. मग म्हणलं, दत्तूचा असता तर त्यानं लिहिलं असतं. ह्यो त्याचा न्हवं. तवा त्यांनी उघडला."

तिनं विचारलं, "तुझाच होता का?"

मी मान हलवली. तिनं तोंडावर पदर धरला. साहेबांनी लिहू दिलं नाही, असंही म्हणालो नाही आणि खरंही सांगितलं नाही. ती आपलं चुकलं असं समजून रडत होती आणि मी तिला रडू दिलं. त्या दिवशी तिच्या घरचं पाणीही न पिता आम्ही निघालो. मदनूरच्या चौकीपाशी हमीदभाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "साहब कुछ नहीं बोले थे ना?" "नाही बोलले," मी म्हणालो.

रावसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते खिडकीतून बाहेर पाहत ऐकत होते.

"ब्रश होता?"

"होता."

"वेळ?"

"होता."

"बरं," ते म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेले. तिथे आता बघायला काही नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते. त्यांनी मला कामावरून काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वर्षं वाटत राहिलं. त्याऐवजी पुढच्या फुग्याच्या वेळी त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला आणि तेलुगू रीतीनं मान देत म्हणाले, "दत्तात्रेयगारू, लिहा." त्यांना हवा होता तो निकाल वर्षभरात परदेशातून छापून आला. तो अंक त्यांनी मला न दाखवता कपाटात ठेवला. मी नंतर पाहिला.

त्याच वर्षी, सत्तावन्नला, रशियाचा गोळा, तो पहिला उपग्रह, वर गेला. एका संध्याकाळी आम्ही तिघं मैदानावर उभे होतो. दिवेलागणीच्या आभाळात एक ठिपका सरळ रेषेत चालत गेला. हमीदभाईंनी सलाम केला. रावसाहेब म्हणाले, "सगळ्या देशांवरून जातो आहे. कोणाला विचारलं नाही, कोणी अडवलं नाही. आपल्याला मदनूर ओलांडायला अर्धा दिवस." ते हसले असं मला वाटलं. मला आपलं वाटलं, हा अक्काच्या घरावरूनही गेला असेल, आणि तिला त्यावर वाचण्यासारखं काही नसेल.

मी ठरवलं होतं की पुढचा डबा तिकडे पडला की जाऊन अक्काला खरं सांगायचं. नुसतं रिकाम्या हातानं जाऊन सांगायची हिंमत नव्हती. डबा घेऊन, त्यावरच्या माझ्या ओळी दाखवून सांगायचं. पण वाऱ्यानं जणू सूड घेतला. त्यानंतर डबे नलगोंड्याला पडले, बिदरला पडले, एक तर पार कृष्णेच्या पात्रात. देगलूरकडे एकही नाही. दर उन्हाळ्यात अक्काचं कार्ड येई. घरची खुशाली, कापसाचं, गुरांचं, आणि शेवटी एक ओळ ठरलेली. ‘यंदा तुझा डबा इकडे आला नाही. आला तर मी नीट वाचीन.’ ती ओळ वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं होई. लग्नकार्यात आम्ही भेटलो, बोललो, पण डब्याचा विषय दोघांनीही काढला नाही. अकरा वर्षं अशी गेली आणि अक्का गेली. कार्ड येणं बंद झालं. मी मात्र डब्यावर लिहीत राहिलो, नियम असो नसो. ‘कळवावे’ लिहिताना ळ गोल येईपर्यंत पुसून काढत असे. फुगा वर जाताना तो पश्चिमेला वळावा असं अजूनही वाटे. का वाटे, ते मला सांगता येणार नाही.

अक्का गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी, रावसाहेबांच्या निवृत्तीच्या मोसमात, तो वळला. तहसीलमधून तार आली, डबा सुरक्षित आहे. खाली नाव अक्काच्या गावाचं.

हमीदभाई तोवर थकले होते, तरी जीप त्यांनीच चालवली. दारात अक्काची सून सुमन उभी होती. तिनं आम्हाला थेट आत नेलं. अक्काच्या खोलीत, खिडक्या लावून, डबा ठेवलेला होता, त्यावर अक्काचं जुनं लुगडं. एक चीरही गेलेली नव्हती.

"शेतात पडला होता, मामा. लोक जमले होते. मी म्हणलं थांबा, आधी वाचू द्या. कळवावेमधला ळ पाहिला आणि म्हणलं, मामांचंच अक्षर आहे, हात लावायचा नाही. सासूबाईंनी तुमची पत्रं ठेवलेली आहेत ना, त्यांवरनं मला शिकवून ठेवलं होतं. म्हणायच्या, मी नसले तर तुला वाचावं लागंल."

मग मला राहवलं नाही. तेव्हाचं सगळं मी सुमनला सांगितलं. रुसवा, खिशातला ब्रश, हमीदभाईंशी बोललेलं खोटं. अक्काची काही चूक नव्हती, हे दोनदा सांगितलं.

सुमन म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"म्हणायच्या, दत्तू रुसला असंल. लहानपणी बी रुसला की पाटी कोरी ठेवायचा. मी विचारलं, मग त्यांना तसं लिहा की. तर म्हणाल्या, रागवायचं नसतं. पाटी पुढं ठेवायची, लिहितो आपला आपण."

दर वर्षीचं ते कार्ड मला तेव्हा कळलं.

डबा जीपमध्ये ठेवला. आमच्या कामाचा एक फॉर्म असतो, डबा कुठे पडला, कधी मिळाला, काही इजा झाली का. शेवटचा रकाना, ‘डबा कोणी सांभाळला’. मी सुमनचं नाव लिहायला पेन उघडलं. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "माझं नका घालू, मामा."

मी फॉर्म ओट्यावर नीट पसरला आणि मराठीत, सावकाश लिहिलं, कमळाबाई. ळ गोल आला होता.